पाटी कंपनीची, जोखीम कोणाची?

सेवानिवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या भविष्यनिर्वाह निधीचे काय करावे, या विवंचनेत असलेल्या नोकरदाराला हल्ली फ्रँचायझीचा मार्ग सुचविला जातो. नामांकित कंपनीची पाटी, तयार माल, ठरलेली पद्धत; मग धंद्याचा अनुभव नसला म्हणून बिघडले कोठे? हा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नाही. परंतु प्रवेशशुल्क भरल्यावर द्यावयाची रॉयल्टी बहुधा नफ्यावर नव्हे, तर विक्रीवर आकारली जाते, हे फारसे कोणी सांगत नाही. समजा, महिन्याची विक्री ३ लाख रुपये आणि रॉयल्टी ६ टक्के आहे. माल, भाडे, पगार व वीज यांत २ लाख ९० हजार गेले, तर उरतात १० हजार. कंपनीचे देणे मात्र १८ हजार! दुकान तोट्यात असतानाही कंपनीची प्राप्ती चालूच राहते.

शिवाय माल कोणाकडून घ्यावा, दर काय ठेवावा, हे कंपनीच ठरविणार. साहेबाच्या हुकमाला कंटाळून मालक होऊ पाहणाऱ्याने हे ध्यानात घेतलेले बरे.

अमेरिकेत अशा कंपनीला स्वतःवरील खटले, बंद पडलेल्या शाखा इत्यादींची लेखी माहिती करारापूर्वी किमान १४ दिवस द्यावीच लागते. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. मुख्य भिस्त १८७२ च्या करार कायद्यावर. तेव्हा चौकशी इच्छुकानेच करावयाची. कंपनीच्या प्रतिनिधीपेक्षा, दुकान बंद केलेल्या एखाद्या जुन्या शाखाचालकाला गाठावे. आणि जागेचा करार तीन वर्षांचा व फ्रँचायझीचा पाच वर्षांचा असेल, तर उरलेल्या दोन वर्षांचे काय, हे सही करण्यापूर्वीच विचारावे.