खानदेशच्या इतिहासातील तुटक रेघ

१/ खानदेशचा इतिहास म्हटला की थाळनेर-बुऱ्हाणपूरचे फारुकी, मग मोगल, मराठे, १८१८ नंतरची इंग्रजी सत्ता आणि भिल्लांचे उठाव, अशी नावे आपण ओळीने घेतो. ज्या भूमीवर हे सारे घडले तिचाही इतिहास आहे आणि त्याचेही दस्तऐवज आहेत. आजचा धागा अशाच एका दस्तऐवजाविषयी, म्हणजे भूशास्त्रीय नकाशाविषयी.

२/ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ मध्ये सुरू झाले ते मुख्यतः दगडी कोळशाच्या शोधासाठी. त्यातील विल्यम ब्लॅनफर्ड यांनी तापी आणि खालच्या नर्मदा खोऱ्याचा भूशास्त्रीय वृत्तान्त १८६९ मध्ये प्रसिद्ध केला. हेच ते दशक, ज्यात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि आगगाडी भुसावळपर्यंत पोहोचली.

३/ भूशास्त्रज्ञ उघड्या खडकापाशी थांबतो आणि थर कोणत्या दिशेला, किती अंशांनी कलला आहे ते मोजतो. अशा शेकडो नोंदी जुळल्या की थर कोठे वाकून वली झाली आणि कोठे तुटून सरकल्याने प्रस्तरभंग झाला ते कागदावर उमटते. सातपुड्यापलीकडे, नर्मदेच्या खोऱ्यात बाघ परिसरात प्राचीन सागरातील गाळाचे खडक बेसाल्टच्या खालून डोकावतात. तेथे हे वाचन थेट करता येते.

४/ खानदेशात मात्र बेसाल्टने जुने खडक झाकले आणि तापीकाठच्या मैदानात गाळाने बेसाल्टही झाकला. मग न दिसणारा प्रस्तरभंग आखायचा कसा? खुणांवरून. मैदानातून भिंतीसारखा सरळ उठणारा सातपुडा. डोंगरात बेसाल्ट, तर पायथ्यापलीकडे खोल गाळ. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवाचे गरम पाण्याचे झरे. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात झालेल्या मोठ्या भूकंपाने तर ही भूमी अजून निवांत नाही, हेच सांगितले.

५/ नकाशात एक सुंदर संकेत असतो. जे डोळ्यांनी पाहिले ते अखंड रेघेने दाखवायचे आणि जे पुराव्यावरून ताडले ते तुटक रेघेने. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला या प्रामाणिकपणाचा हेवा वाटतो. आपल्या बखरींत आणि गावोगावच्या स्मरणिकांत तुटक रेघ जवळपास नसतेच. तेथे सारेच अखंड आणि सारेच निःसंशय असते.

६/ पण ही रेघ केवळ अभ्यासकांची नाही. तिच्या कडेला, सातपुड्याच्या पायथ्याशी सुकी, मोर, अनेर यांसारख्या नद्यांनी गोटे, खडी आणि वाळू यांचा जाड पट्टा रचला आहे. भूजलतज्ज्ञ त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावरून येणारे पाणी येथे झपाट्याने मुरते आणि खालच्या गाळाच्या थरांना मिळते. रावेर-यावलची केळी याच साठ्यावर उभी राहिली.

७/ आणि हाच साठा आपण उपसून टाकला. भूजलाचा अतिउपसा झालेल्या तालुक्यांत रावेर आणि यावल यांची नावे वर्षानुवर्षे येत राहिली. आजोबांच्या विहिरीत उतरायला पायऱ्या होत्या. वडिलांच्या हयातीत आडवे बोअर आले, मग उभे आले. आता विहीर केवळ कठडा म्हणून उरली आहे. दर वेळी पाणाड्याला नारळ दिला. नकाशा मात्र घरात कोणी पाहिला नव्हता.

८/ धुळ्याकडचे चित्र निराळे. तेथे बेसाल्टला छेदून गेलेल्या कठीण खडकाच्या लांबच लांब भिंती आहेत, ज्यांना डाइक म्हणतात. जमिनीखालचे पाणी त्या कोठे अडवतात, तर कोठे वाट देतात. पांझरेवर बंधारे घालून फड पद्धतीने पाणी वाटून घेणाऱ्या पूर्वजांना या भूमीची मर्यादा ठाऊक होती, असे मला वाटते. त्यांनी ती कागदावर नव्हे, पाळीपाळीने पाणी घेण्याच्या शिस्तीत लिहून ठेवली.

९/ आक्षेप माझ्याही मनात आहे: हे नकाशे साम्राज्याच्या लाभासाठी काढले गेले. ते खरेच आहे. पण म्हणून ते इंग्रजीत, ग्रंथालयांच्या कपाटांत पडून राहू दिले तर त्या सत्तेचे अर्धे काम आपणच पूर्ण करतो. जमिनीचे ज्ञान जमीन कसणाऱ्यापासून दूर ठेवणे, हीदेखील सत्ताच आहे.

१०/ म्हणून माझी मागणी साधी आहे. जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत गावाचा भूशास्त्रीय नकाशा मराठीत, तुटक रेघांसह लावला जावा. पायथ्याचा मुरवणीचा पट्टा सार्वजनिक वारसा मानून जपला जावा. किल्ल्याचा बुरूज ढासळला तर आपण हळहळतो, आणि ते योग्यच आहे. पण पायाखालचा साठा आटतो तेव्हा आवाज होत नाही. त्याची हळहळ आपल्याला शिकून घ्यावी लागेल.