फुकटचं लाकूड

अमेरिकेत अंगणात पडलेलं झाड हलवायला आपणच पैसे मोजायचे, हे गावी सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नाही. "म्हणजे लाकूडही तोच नेणार आणि वर पैसेही तोच घेणार?" बाबांनी फोनवर दोनदा विचारलं.

२०२२ च्या सप्टेंबरअखेर आयन वादळाचं शेपूट आमच्या नॉर्थ कॅरोलायनावरून गेलं आणि मागच्या अंगणातलं स्वीटगम मुळासकट आडवं झालं. हे झाड इथे फारसं कुणाला आवडत नाही. चांदणीसारखी पानं शरदात अशी रंगतात की बघत राहावं, पण नंतर महिनोन्‌महिने काटेरी गोळे गवतात पडतात, अनवाणी चालायची सोय नाही. झाडवाल्याने अठराशे डॉलर सांगितले. सगळ्याचा चुरा करून नेणार होता. बुंधा राहू दे म्हटलं तर हसला. म्हणाला, वाळताना पिळून स्क्रू होईल त्याचा.

तो चूक नव्हता. लाकूड वाळताना आडवं आकसतं, आणि दोन दिशांना वेगवेगळं. ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत स्वीटगम वर्तुळांच्या दिशेने सुमारे १० टक्के आकसतं, गाभ्यापासून सालीकडे ५ टक्के. सागाचे हेच आकडे साधारण ६ आणि अडीच आहेत. त्यात याचे तंतू काही वर्षं डावीकडे वळत वाढतात, मग काही वर्षं उजवीकडे. त्यामुळे फळी पिळते, आणि रंधा कुठल्याही बाजूने मारा, कुठेतरी उलटा बसून चिपा उपटतोच.

पण म्हणून हे लाकूड वाईट, हे मला मान्य नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये याचीच कपाटं 'सॅटिन वॉलनट' या भारदस्त नावाने विकली जात. आज त्याचे पॅलेट होतात, रेल्वेचे स्लीपर होतात, कागदाचा लगदा होतो. झाड तेच आहे. ते वाळेपर्यंत थांबायला आता कुणाला परवडत नाही, एवढंच.

मी थांबायचं ठरवलं. चेनसॉला लोखंडी चौकट बसवून बुंध्याच्या अठरा फळ्या काढल्या. दर कापामागे जवळजवळ एक सेंटिमीटर लाकूड भुशात जातं, ते बघून जीव तुटतो. कुणीतरी कधीकाळी ठोकलेल्या खिळ्याने एक साखळी खाल्ली. फळ्यांची टोकं रंगाने बंद केली (पाणी टोकांतून भराभर जातं आणि तिथेच तडे पडतात), मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी रचली, वर सिमेंटचे ठोकळे ठेवले. दोन इंची फळ्यांना दोन वर्षं. पीएचडीत मीही आकडे काढून बसलो होतो, कुठली फळी किती वाकेल याचे. अकरा सरळ राहिल्या, सात पिळल्या. माझ्या यादीतल्या त्यांत दोनच होत्या.

त्या अकरांतून जेवणाचं टेबल झालं. वरचा भाग पायांना घट्ट आवळलेला नाही, स्क्रूची भोकं लांबट ठेवली आहेत. उन्हाळ्यात दमट हवेने तो रुंदावतो, हिवाळ्यात हीटर लागला की आकसतो, आणि त्याला ते करू द्यावं लागतं.

'फुकटच्या लाकडाचं फर्निचर' म्हणून व्हिडिओ करणाऱ्यांचा मला राग येतो तो इथे. फुकट काही नसतं. साखळ्या, पेट्रोल, रंधा, क्लॅम्प धरून माझं टेबल दुकानातल्या दोन टेबलांच्या किमतीत पडलं, आणि शनिवार-रविवार मोजलेच नाहीत. पैसे वाचवायचे असतील तर दुकानात जा. पण त्या बुंध्याचा चुरा करणं हाच शहाणपणाचा हिशोब, असं कुणी म्हणालं तर तेही मला पटत नाही. चाळीसेक वर्षं वाढलेलं झाड होतं ते.

गेल्या वर्षी आई-बाबा आले. आमच्या लहानपणी घरी सुतार यायचा, ओसरीवर पंधरा दिवस काम चालायचं, आणि त्याचा चहाचा कप वेगळा असायचा. "एवढं शिकून रंधा मारतोस?" बाबांनी पहिल्या दिवशी विचारलं. नंतर टेबलाच्या खाली वाकून सांधे बघितले, बराच वेळ. मग आईला म्हणाले, "त्या सुताराचं नाव काय होतं गं?"

दोघांनाही आठवलं नाही.