कानून परका, मग केंद्र कोणाचे?

मराठीतून हाकलून द्यायच्या शब्दांची एक यादी गेल्या वर्षी आमच्या हाती पडली. केंद्रस्तरावरची शिक्षक बैठक होती. मराठी आणि उर्दू माध्यमाचे सगळेच शिक्षक हजर होते. व्याख्यात्यांनी छापील कागद वाटला. डावीकडे 'परके' शब्द, उजवीकडे 'आपले'. डावीकडे कानून, कलम, किमया आणि चक्क अफूसुद्धा होती. "हे मुसलमानी अमलाचे अवशेष," असे म्हणून त्यांनी सहज आम्हा उर्दूवाल्यांच्या बाकाकडे पाहिले. आम्ही गप्प बसलो. ते गप्प बसणे अजून सलते, म्हणून हे लिहितो आहोत.

या चार शब्दांवर मुसलमानी शिक्का मारणाऱ्यांनी जरा मागे जाऊन पाहावे. कानून म्हणजे ग्रीकांचा 'कानोन': सरळ काठी, मोजपट्टी, आणि त्यावरून नियम. इब्न सीनाने १०२५ च्या सुमारास पुऱ्या केलेल्या वैद्यकग्रंथाचे नाव 'अल्-कानून फित्-तिब'. त्याच्या आधी, नवव्या शतकात, गालेनचे ग्रीक ग्रंथ बगदादमध्ये अरबीत आणणारा हुनैन इब्न इसहाक तर ख्रिस्ती होता. कलम म्हणजे 'कालामोस', बोरू. बोरू हे गवतही आणि लेखणीही, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. किमया 'खेमेइया'. अफू 'ओपिऑन', म्हणजे झाडाचा चीक. आमच्या गल्लीतल्या हकीमसाहेबांच्या पाटीवर 'युनानी दवाखाना' असते. ते युनान म्हणजे आयोनिया, आणि संस्कृतातला यवनही तिथलाच. पुढे याच यवन शब्दाने मुसलमानांना हिणवले गेले. हा विनोद आम्ही बराच काळ सोसत आलो आहोत.

आता उजवी बाजू. कानूनऐवजी नियम म्हणा, आमचे काही जात नाही. पण ज्या बैठकीत तो कागद वाटला ती केंद्राची, बोलावणारे केंद्रप्रमुख, आणि 'केंद्र' हा शब्द ग्रीक 'केन्ट्रॉन'! मूळ अर्थ बैलाला टोचायची आर. मग कंपासचे टोक जिथे रुतते तो बिंदू. ज्योतिषाबरोबर तो संस्कृतात आला. 'होरा'ही तसाच आला. ग्रीकमध्ये होरा म्हणजे काळ, ऋतू, घटका. अहोरात्रातली पहिली आणि शेवटची अक्षरे गाळून काही जण होरा साधतात, हे सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने नोंदवले आहे. पण यवन म्लेच्छ असले तरी या शास्त्रामुळे ऋषींसारखे पूज्य ठरतात, असेही तोच लिहून गेला. यादीवाल्यांपेक्षा त्याचे मन मोठे होते. तटाखाली पेरायचा सुरुंगसुद्धा ग्रीक 'सिरिंक्स', म्हणजे पोकळ नळी.

दामाची गोष्ट अधिक मजेची. 'द्राख्मे' म्हणजे मूठभर: सहा लोखंडी सळयांची एक मूठ. पुढे ते नाण्याचे नाव झाले. संस्कृतात त्याचा द्रम्म झाला, प्राकृतातून येता येता दाम झाला, आणि अरबीत दिरहम. कोकणातला मुलगा दुबईहून दिरहम पाठवतो आणि घरी दाम मोजले जातात. एकाच आईची ही दोन लेकरे. खुद्द ग्रीसमध्ये द्राख्मा २००२ साली युरोपुढे चलनातून गेली.

सावरकरांचा 'महापौर' आम्हीही आनंदाने वापरतो. नवा शब्द घडवायला आमची हरकत नाही. जुन्याची जात विचारायला आहे.

पण हे वाचून आमच्याच शिक्षककक्षात कोणी खूश होणार असेल, तर त्यांच्याशीही भांडण आहे. एक ज्येष्ठ जनाब आम्हाला म्हणाले, "कलम कुरआनातला लफ्ज आहे. त्याला ग्रीक म्हणता? तौबा करा." जनाबांनी सुयूतींचे (१४४५-१५०५) नाव ऐकलेले असणारच. कुरआनात आलेल्या परभाषी शब्दांवर त्यांनी 'अल्-मुहज्जब' ही स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. तिच्यात किस्तास म्हणजे तराजू आणि सिरात म्हणजे वाट हे शब्द रूमी असल्याचे आधीच्या विद्वानांचे मत दिले आहे. इमाम शाफईंना हे मान्य नव्हते. कुरआनात अरबीखेरीज काही नाही, असे ते म्हणत. पण या मतासाठी सुयूतींना कोणी धर्माबाहेर काढले नाही. आम्ही मात्र उर्दूभोवती मशिदीची भिंत बांधतो आणि शेजाऱ्याने तिला मुसलमानांची भाषा म्हटले की रडत बसतो. त्या व्याख्यात्यांची अर्धी यादी आम्हीच लिहून दिलेली असते.

आणि ग्रीक तरी कुठले स्वयंभू? त्यांची आल्फा, बीटा ही फिनिशियनांकडून घेतलेली आलेफ, बेथ; आमच्या पहिलीतल्या मुलांची अलिफ, बे. त्यांचे 'पेपेरी', म्हणजे मिरी, आपल्या पिंपळीवरून. कानोनची काठीसुद्धा मुळात 'कान्ना', बोरूच, आणि तो बाबिलोनकडच्या 'कानू'वरून घेतलेला. म्हणजे बगदादला पोचलेला कानून माहेरी परतला म्हणायचा!

यादीची सुधारित आवृत्ती येणार असल्याचे कळते. तीत डाव्या बाजूला 'केंद्र' हा शब्द घालावा, अशी लेखी सूचना आम्ही केंद्रप्रमुखांकडे दिली आहे. अद्याप उत्तर नाही.