अख्खा संगणक बीईआर करू नका

फौजेत एखादं उपकरण बंद पडलं, तर "फेकायचं का?" हा पहिला प्रश्न नसतो. नक्की काय बिघडलंय, ते युनिटमध्ये दुरुस्त होईल की वर्कशॉपला पाठवायचं आणि तो खर्च परवडणारा आहे का, हे आधी पाहिलं जातं. सगळी उत्तरं नकारार्थी आली तरच त्यावर 'बीईआर', म्हणजे दुरुस्ती परवडण्यापलीकडची, असा शिक्का बसतो. तीस-तीस वर्षं या शिस्तीत काढलेला माणूस घरच्या संगणकापुढे बसला की ती कशी विसरतो, हे मला कोडं आहे. दुकानदार म्हणतो, "हे जुनं झालं," आणि आपण मान डोलावतो.

सध्या हा विषय ऐरणीवर आला आहे तो विंडोज १० मुळे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नियमित सपोर्ट थांबवला. घरगुती ग्राहकांपैकी जे नाव नोंदवतील त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळण्याची सोय कंपनीने जाहीर केली. त्यापुढची वाट विंडोज ११, आणि त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, शिवाय इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. म्हणजे २०१६ च्या आसपास घेतलेले आपले बहुतेक डेस्कटॉप या यादीबाहेर पडले. ते बिघडलेले मात्र नाहीत.

यावर आपल्याकडे दोन टोकाच्या प्रतिक्रिया दिसतात. एक, सगळं विकून नवीन आणा. दोन, काही होत नाही, चाललंय तसं चालू द्या. माझ्या मते दोन्ही चूक, आणि दुसरी जास्त धोक्याची. माजी सैनिकाचा संगणक आता पत्ते खेळायचं यंत्र राहिलेला नाही. 'स्पर्श' पोर्टलवर पेन्शन स्लिप पाहायची, वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा, बँकेचे व्यवहार करायचे, ते याच मशीनवर. सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या मशीनवरून पेन्शनचं खातं उघडणं म्हणजे संत्री काढून घेतलेल्या गेटमागे दारूगोळा ठेवण्यासारखं आहे. एक-दोन महिने काही होणार नाही, पण होईल तेव्हा सांगून होणार नाही.

माझ्या जुन्या युनिटमधले एक निवृत्त सुभेदार साहेब सातारा जिल्ह्यात असतात. त्यांचा इथे जोधपूरला फोन आला. "साहेब, दुकानवाला म्हणतो मशीन भंगार झालं. नवीन घ्या, जुनं आम्ही एक्स्चेंजमध्ये घेतो."

मी विचारलं, "सुभेदार साहेब, हार्ड डिस्कमध्ये काय काय आहे?"

"काय नाही ते विचारा! पीपीओ आहे, पोरीच्या लग्नाचे फोटो आहेत, पलटणीचे आहेत, बँकेची कागदं आहेत."

"आणि ती डिस्कही एक्स्चेंजमध्ये जाणार?"

पलीकडे थोडा वेळ आवाजच आला नाही. खरी जोखीम इथे आहे. युनिटमधली डिस्क आपण कुणाच्या हाती लागू देत नाही, आणि घरची, सगळं आयुष्य असलेली डिस्क हजार-पाचशेच्या सवलतीसाठी काउंटरवर ठेवतो. फॉरमॅट मारला की सगळं पुसलं गेलं, असा पुष्कळांचा समज आहे. साध्या क्विक फॉरमॅटमध्ये फाइलींची यादी जाते, मजकूर बराचसा तिथेच राहतो आणि साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतो.

मी तोफखान्याचा माणूस, म्हणून उदाहरण तोफेचंच देतो. सोव्हिएत बनावटीची १३० मिलिमीटर एम-४६ तोफ आपल्याकडे अनेक वर्षं आहे. तिचा पल्ला २७ किलोमीटर. ती सरसकट मोडीत काढण्याऐवजी तिच्यावर १५५ मिलिमीटर, ४५ कॅलिबरची नवी नळी चढवण्यात आली, आणि 'शारंग' या नावाने ती २०२० पासून सेनेत येऊ लागली. पल्ला ३६ किलोमीटरच्या पुढे गेला. मूळ तोफेचं जे चांगलं होतं ते राखलं, जे तोकडं होतं ते बदललं. आपल्या टेबलाखालच्या डब्यालाही हाच न्याय लावायला काय हरकत आहे?

आता भागाभागाने पाहू. सुभेदार साहेबांचं मशीन सहाव्या पिढीच्या आय-थ्रीचं, एच-११० मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर-४ रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. या वयाच्या असंख्य मशीन अशाच आहेत.

मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस आणि कॅबिनेट ठेवायचे. एटीएक्सचं माप १९९५ पासून चालत आलं आहे, त्यामुळे साध्या जुन्या कॅबिनेटमध्ये आजचा बोर्ड बसतो. मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल, तर नव्या बोर्डावर ते तोंड आहे का, एवढं आधी पाहा.

रॅम जपून ठेवायची. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि रॅमचे भाव जगभर कडाडले. डीडीआर-४ रॅम घेणारे, बाराव्या पिढीच्या आय-थ्रीचे बोर्ड मिळतात. तिथे जुनी रॅम आपल्या जुन्या वेगाने का होईना, काम करते. डीडीआर-३ असेल तर मात्र ती नव्या बोर्डात बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते.

मदरबोर्ड आणि प्रोसेसर जोडीने बदलायचे. "फक्त प्रोसेसर टाकून देतो" असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. आठव्या पिढीचा प्रोसेसर दिसायला त्याच सॉकेटचा आहे, पण एच-११० बोर्ड त्याला चालवत नाही. नवा इंटेल प्रोसेसर घेताना नावामागे 'एफ' नको, त्यात ग्राफिक्स नसतं आणि पडदा काळाच राहतो. मशीनबरोबर आलेलं विंडोजचं लायसन्स सहसा जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं, तेव्हा तो खर्चही हिशेबात धरा.

एसएमपीएस, म्हणजे वीज देणारा डबा, याच्या बाबतीत मात्र दयामाया नको. आतले कपॅसिटर वयाने थकतात. इथे वाळवंटात धूळ पंख्यात बसते, ईशान्येत दमट हवा आत शिरते, गावाकडे व्होल्टेज दिवसभर नाचतं. दहा वर्षांचा अनोळखी कंपनीचा डबा नव्या बोर्डाला जोडणं ही काटकसर नाही. तो जाताना बोर्डही घेऊन जाऊ शकतो.

हार्ड डिस्क ठेवायची, पण दुय्यम कामावर. विंडोज तिच्यावर नको, फोटोंची दुसरी प्रत तिच्यावर ठेवा, आणि तीही एकमेव प्रत नको. विंडोजसाठी साटा एसएसडी घ्या. फिरती डिस्क सेकंदाला साधारण शंभर-दीडशे एमबी वाचते, साटा एसएसडी पाचशेच्या घरात. रोजच्या वापरात फरक याहून मोठा जाणवतो, कारण एसएसडीला डोकं इकडून तिकडे हलवावं लागत नाही. आणि ही खरेदी कधीच वाया जात नाही. आज जुन्या बोर्डावर लावा, उद्या नव्यावर न्या.

ज्यांचं काम ब्राउझर, पत्रं आणि फोटो एवढंच आहे, त्यांनी बोर्डही बदलायची गरज नाही. एसएसडी टाका, उबुंटू किंवा मिंट यांसारखं लिनक्स घाला. उबुंटूच्या २४.०४ आवृत्तीला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. सवय व्हायला काही दिवस जातील. पण नव्या पोस्टिंगला गेल्यावर नवी जागा अंगवळणी पडायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त नाही.

यावर आक्षेप येईल की नवीन मशीनला वॉरंटी असते, जुन्या-नव्याची मोट बांधण्यात डोकेदुखी. आक्षेप खोटा नाही. काही ब्रँडेड डेस्कटॉपचे बोर्ड आणि एसएमपीएस खास मापाचे असतात, तिथे बाजारातला भाग बसतच नाही. बदलायचे भाग मिळून नव्या मशीनच्या निम्म्याहून जास्त खर्च येत असेल, तर मीही नवीनच घ्या म्हणेन. जुनं ते सगळंच सोनं नसतं. माझं म्हणणं एवढंच, की हा निर्णय झाकण उघडून, भाग पाहून, कागदावर बेरीज करून व्हावा आणि तो मालकाने करावा. ज्याला विकायचंय त्याने तो करू नये. (ऑफिसच्या मशीनला यातलं काहीही लागू नाही. तिथे आदेश वेगळे, झाकणाला हातही लावायचा नाही.)

जे खरंच निकामी ठरेल, ते अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी उत्पादकांवर त्याच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली आहे. भंगारवाल्याकडे गेलेल्या बोर्डावरचं तांबं बऱ्याचदा उघड्यावर जाळून काढलं जातं, आणि तो धूर कुणाच्या तरी पोराच्या छातीत जातो. डिस्क आधी पूर्ण ओव्हरराइट करा. ती चालतच नसेल तर उघडून आतल्या तबकड्या निकामी करा.

म्हणून मशीन दुकानात नेण्याआधी एका रविवारी घरातच बोर्ड बसवा. अध्यक्ष तुम्ही, सदस्य नातू किंवा नात, हाती स्क्रू ड्रायव्हर आणि वही. आधी सगळ्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर, मग एकेका भागापुढे तीनच शेरे: ठेवायचा, बदलायचा, बाद. ती यादी खिशात घेऊन दुकानात जा. समोरचा माणूस वेगळ्या सुरात बोलू लागेल, आणि तुम्हाला जे लागतं तेवढंच घेऊन तुम्ही परत याल.