बिनपावतीचा प्रवासी

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला पावतीचे वेड असते. दुधाच्या हिशेबापासून चष्म्याच्या काड्या बदलल्याच्या बिलापर्यंत सारे कागद मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साठवतो आणि दर दिवाळीला बायको तो डबा रद्दीत घालण्याची धमकी देते. त्या डब्यात टोलनाक्याची एक पावती आहे. शाई जवळजवळ उडाली आहे, पण उजेडात धरली की ‘टू व्हीलर’ एवढी अक्षरे अजून वाचता येतात.

ती 2019 च्या जानेवारीतली. निवृत्तीला वर्ष उरले होते. पुतण्या नोकरीनिमित्त दिल्लीकडे राहायचा, त्याची बुलेट घेऊन आम्ही दोघे यमुना एक्सप्रेस वेने आग्र्याला निघालो. 165 किलोमीटरचा सहापदरी काँक्रीटचा रस्ता, 2012 साली सुरू झालेला. या रस्त्यावर दुचाकीला मज्जाव नाही आणि दुचाकी फुकटही नाही. मोटारीच्या साधारण निम्मा टोल तिला भरावा लागतो. जेवरच्या नाक्यावर आमची पाळी आली तेव्हा धुके इतके होते की खिडकीतला मुलगा फक्त मफलर म्हणून दिसत होता. मी हातमोजा दाताने ओढून काढला. पाकीट जाकिटाच्या आत, जाकिटाखाली स्वेटर, बोटे बधीर. मागे एका टेम्पोने हॉर्न धरून ठेवलेला. पाचशेची नोट हातातून सुटून टाकीवर पडली, ती पुतण्याने पकडली. तो मफलरातला मुलगा म्हणाला, “आराम से, अंकलजी.” मग सुटे पैसे, मग पावती, मग पुन्हा मोजा. या सगळ्या उपद्व्यापात सहज दोन मिनिटे गेली असतील. त्या दोन मिनिटांत मी वैतागलो होतो, हे कबूल करतो. पण फाटक वर गेले आणि पुढे तो रुंद, सरळ, रिकामा रस्ता लागला तेव्हा एक वेगळीच भावना मनात आली. आपण या रस्त्याचे गिऱ्हाईक आहोत, अशी.

आता दुसरी गोष्ट. गेल्या पावसाळ्यात साताऱ्याहून पुण्याकडे येत होतो. मी माझ्या गाडीवर आणि आमच्या शाखेचे जुने हेड कॅशियर त्यांच्या स्कूटरवर. टोलनाका आला. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, त्यामुळे नाक्याच्या अगदी डाव्या कडेला एक बोळ ठेवलेला असतो. हा बोळ वाचकांपैकी ज्यांनी पाहिला असेल त्यांना वर्णनाची गरज नाही. काँक्रीटचे ठोकळे, त्यांच्यात हात-दीड हाताची फट, खाली सांडलेली खडी, तिच्यावर साचलेले पाणी आणि पलीकडे भुईमुगाच्या शेंगा विकणारा. मोटारींच्या रांगा आता सरसर पुढे सरकतात, कारण 2021 च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला. आमच्या बोळाला मात्र कोणतीच सुधारणा शिवलेली नाही. त्या खडीवरून कॅशियरसाहेबांची स्कूटर घसरली आणि उजवे मनगट मोडले. चाळीस वर्षे नोटा मोजलेले मनगट.

नाक्यावरची माणसे वाईट नव्हती. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिले, रुग्णवाहिका बोलावली. पर्यवेक्षक पोरसवदा होता, त्याने रजिस्टर काढले आणि नोंद करायला घेतली. तारीख, वेळ, गाडीचा नंबर. पुढचा रकाना होता पावती क्रमांकाचा. तिथे त्याचे पेन थांबले.

“काका, टू व्हीलरला पावती नसते ना,” तो ओशाळून म्हणाला आणि त्याने त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली.

त्या रेघेपाशी मी अडकलो आहे. आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट शिकवतात. ज्या व्यवहाराचे व्हाउचर नाही, तो व्यवहार दिवसअखेरच्या जुळवणीत दिसत नाही. दुचाकीवाल्याला टोल माफ आहे ही सवलत म्हणून आपण मिरवतो. पण या सवलतीमुळे तो हिशेबातूनही गेला की काय? मोटारींची रांग वाढली तर ओरड होते, पत्रे येतात, मंत्र्यांना उत्तरे द्यावी लागतात. बोळातल्या खडीबद्दल कोणी कोणाला जाब विचारायचा? फुकट जाणाऱ्याने तक्रार करू नये, असा आपल्या समाजाचा अलिखित नियम आहे. लग्नात आयत्या वेळी पंगतीला बसलेल्या माणसाने मठ्ठा आंबट आहे म्हणायचे नसते, तसे.

आणि ही सवलत तरी केवढ्या रस्त्यावर? ज्या रस्त्यावर जायला खरी मजा येईल, तिथे दुचाकीला प्रवेशच नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग बंद. वांद्रे-वरळी सागरी सेतू बंद. 2024 च्या जानेवारीत खुला झालेला अटल सेतू बंद. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 2025 च्या जूनमध्ये पूर्ण झाला, तोही बंद. बंगळूरु-म्हैसूर महामार्गावर तर 2023 च्या ऑगस्टपर्यंत दुचाक्या जात होत्या, तिथून त्यांना नंतर काढले. म्हणजे टोल नाही हे खरे, पण चांगला रस्ताही नाही.

बंदीचे कारण सुरक्षिततेचे सांगतात आणि ते खोटे नाही. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांतली जवळजवळ 45 टक्के दुचाकीवरची होती. ताशी 120 च्या वेगाने धावणाऱ्या मोटारींमध्ये शंभर सीसीची, मागे बायको आणि पुढे टाकीवर पोर बसवलेली गाडी सोडणे म्हणजे खूनच. पण हा माणूस द्रुतगती मार्गावर नाही म्हणून सुरक्षित आहे का? तो जुन्या रस्त्यावर आहे. तिथे दुभाजक मध्येच तुटतो, उलट दिशेने ट्रॅक्टर येतो, एसटी थांब्याआधीच थांबते आणि रात्री ऊस भरलेली ट्रॉली दिव्याविना उभी असते. मरणारी माणसे बहुतेक अशाच रस्त्यांवर मरतात. त्यांना नव्या रस्त्यावर बंदी घातली म्हणजे आपले कर्तव्य संपले, हे मला पटत नाही.

2025 च्या जूनमध्ये दुचाकींनाही टोल लागणार अशी बातमी पसरली होती. एकच गदारोळ झाला आणि नितीन गडकरींनी त्याच दिवशी ती खोटी असल्याचे जाहीर केले. घरोघर हायसे वाटले. मलाही वाटले, कारण आमच्या इमारतीत दूध टाकणारा, रंगकाम करणारा, कुरिअर आणणारा, सगळे गाडीवर येतात. त्यांच्याकडून नाक्यानाक्याला पैसे घेणे हा अन्याय होईल. महामार्ग शुल्काच्या 2008 च्या नियमांनी त्यांना मोकळे ठेवले आहे ते योग्यच आहे. पण त्याच नियमांत एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. शेजारी सेवारस्ता किंवा पर्यायी रस्ता असूनही दुचाकीस्वाराने मुख्य रस्ता वापरला, तर त्याच्याकडून मोटारीच्या निम्मे शुल्क घ्यावे. म्हणजे पैसे देऊन चांगला रस्ता वापरणारा दुचाकीस्वार ही कल्पना कायद्याला परकी नाही.

मला हवा आहे तो हाच पर्याय. रोजच्या रस्त्यावर माफी कायम ठेवा. पण शनिवार-रविवारी जे शेकडो तरुण (आणि माझ्यासारखे काही म्हातारे) सामान बांधून लांब निघतात, त्यांच्यासाठी द्रुतगती मार्गाची एखादी मार्गिका अटी घालून उघडा. इंजिनाची किमान क्षमता ठरवा. दोघांनाही हेल्मेट सक्तीचे करा. आणि टोल घ्या.

परदेशात हे जुने आहे. फ्रान्समध्ये मोटारसायकलींचा टोलसाठी वेगळा वर्ग आहे आणि त्यांना मोटारीपेक्षा कमी दर लागतो. इटलीत मात्र मोटारसायकल मोटारीच्याच वर्गात मोडते, त्यावर तिथले लोक कुरकुरतात. जपानने 125 सीसीपर्यंतच्या गाड्या द्रुतगती मार्गावर येऊ दिल्या नाहीत, मागे माणूस बसवायलाही 2005 पर्यंत परवानगी नव्हती. पण 2006 पासून तिथे मोटारसायकलींना आपोआप टोल भरण्याची यंत्रे मिळू लागली. हँडलवर छोटा अँटेना, सीटखाली कार्डाचे यंत्र. हातमोजा काढायचा प्रश्नच मिटला. मलेशियाने मात्र माझ्या युक्तिवादाला छेद दिला आहे. तिथे द्रुतगती मार्गांवर मोटारसायकलींना टोल नाही आणि तरीही प्रवेश आहे. क्वालालंपूरजवळच्या फेडरल महामार्गावर तर मोटारसायकलींसाठी स्वतंत्र पट्टाच बांधलेला आहे. म्हणजे पैसे न घेताही माणसाला मोजता येते. पण त्यासाठी सरकारचा स्वभाव तसा लागतो, आणि आपल्या सरकारी स्वभावाचा मला नोकरीतून जो परिचय आहे, त्यावरून मी पावतीवरच जास्त विश्वास ठेवतो.

आपल्याकडे टॅग चिकटवायला मोटारसायकलला काच नाही, असे एका तज्ज्ञ मित्राने मला सांगितले. खरे आहे. पण नंबरपाटी आहे. तीही आता उच्च सुरक्षेची, जिच्यासाठी आपण सर्वांनी रांगा लावल्या. पाटी वाचून बँकेच्या खात्यातून पैसे वळते करणे हे आजच्या यंत्रांना अवघड नाही. मोटारींसाठी 2025 च्या ऑगस्टमध्ये तीन हजारांचा, दोनशे फेऱ्यांचा वार्षिक पास निघाला. तसाच एखादा, हजार-बाराशेचा, गाडीवाल्यांसाठी का निघू नये? मी पहिल्या दिवशी घेईन. पाटी वाचताना चूक होऊन भलत्याच्याच खात्याला नावे पडेल, ही भीती मलाही आहे. अशा चुका निस्तरण्यात माझी कितीतरी वर्षे गेली आहेत. त्यासाठी दाद मागण्याची जागा नाक्यावरच असली पाहिजे, दूरध्वनीवर संगीत ऐकवणारी नको.

पैसे भरण्याची सोय हा विषय तसा आपल्याला नवा नाही. नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीसाठी होता, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. नाणे टाकायचे आणि पुढे चालू लागायचे. सुटे नाहीत म्हणून अडवणारे कोणी नसेल. हिशेब कोण तपासत असे, हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी तिथे गेल्यावर मला पडतो आणि बरोबरची मंडळी हसतात.

कॅशियरसाहेबांचे प्लास्टर निघाले आहे. मनगट पूर्वीसारखे वळत नाही, तरी येत्या रविवारी लोणावळ्याला जाऊ म्हणतात. अर्थात जुन्या रस्त्याने. खंडाळ्याच्या घाटात शिंग्रोबापाशी ते दरवेळी गाडी थांबवतात आणि नाणे वाहतात. या वेळी डाव्या हाताने वाहणार की उजव्या, यावर फोनवर आमची पाऊण तास चर्चा झाली.