पायाळू बाळ आणि प्रसूतीचा बाजार

पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की भरलेली उसण उतरते, पायाळूला विजेपासून जपावे लागते, अशा समजुती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. त्यांना आपण अंधश्रद्धा म्हणतो आणि ते योग्यच आहे. परंतु आज सुशिक्षित घरांतून पायाळू बाळाविषयी एक नवी समजूत रूढ झाली आहे. सोनोग्राफीत बाळ पायाळू दिसले की शस्त्रक्रियेवाचून मार्गच नाही, ही ती समजूत. पदवीधरांच्या तोंडून येते म्हणून तिला कोणी अंधश्रद्धा म्हणत नाही, इतकाच फरक.

माझ्या भाचीला ३७व्या आठवड्यात एका खासगी रुग्णालयाने सिझेरियनची तारीख दिली. बाळ पोटावरून फिरवता येते, याचा उच्चारही झाला नाही. पुढे वाचनातून हे कळल्यावर तिने मला विचारले, "मामा, मला निदान सांगायला तरी हवं होतं ना?" प्रश्न साधा होता, त्याचे उत्तर मात्र वैद्यकापेक्षा अर्थशास्त्रातच अधिक सापडते.

पूर्ण दिवसांच्या शंभर गर्भारपणांपैकी तीन-चारांत बाळाचे डोके वर आणि कुल्ले वा पाय खाली असतात. अशा वेळी ३६व्या-३७व्या आठवड्याच्या सुमारास प्रशिक्षित डॉक्टर सोनोग्राफीने बाळाची स्थिती आणि त्याच्या हृदयाचे ठोके तपासतात, गरज वाटल्यास गर्भाशय सैल करणारे इंजेक्शन देतात आणि दोन्ही हातांनी पोटावरून बाळाला हळूहळू कोलांटी द्यायला लावतात. काम काही मिनिटांचे असते. साधारण निम्म्या वेळा बाळ फिरते. तातडीने शस्त्रक्रिया करावी लागण्याचा प्रसंग दोनशेत सुमारे एकदा येतो. म्हणूनच हे काम शस्त्रक्रियागृह जवळ असेल तेथेच व्हावे. जुळी असतील, वार खाली असेल, रक्तस्राव होत असेल, तर ते करू नये. उशा लावून झोपणे, गुडघ्यांवर ओणवे होणे किंवा करंगळीपाशी औषधी वनस्पतीचा शेक देणे यांनी बाळ फिरते, याला भक्कम पुरावा नाही. आणि अप्रशिक्षित हाताने पोट चोळून बाळ फिरवू पाहणे धोक्याचेच आहे.

मग इतका साधा उपाय सांगितला का जात नाही? केनेथ ॲरो यांनी १९६३ साली दाखवून दिले की वैद्यकीय सेवा ही इतर मालासारखी वस्तू नव्हे. देणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते. जेथे विक्रेताच गिऱ्हाइकाची गरज ठरवतो, तेथे गरज कोणत्या दिशेला वाढेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सार्वजनिक रुग्णालयांतील १४.३ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, तर खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के. तेलंगणात सर्व प्रसूतींचे हे प्रमाण ६०.७ टक्के होते. गुंतागुंतीच्या बाळंतिणी तर बहुधा सरकारी रुग्णालयांकडेच धाडल्या जातात. म्हणजे ही तफावत शरीररचनेची नव्हे, बिलाची आहे. फिरवलेल्या बाळाचे बिल लहान असते.

डॉक्टर मंडळी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा हवाला देतात. २६ देशांतील दोन हजारांहून अधिक स्त्रियांवरील त्या चाचणीत पायाळू बाळांसाठी नियोजित सिझेरियन अधिक सुरक्षित ठरले, हे कबूल केले पाहिजे. परंतु तिच्यापुढील प्रश्न पायाळू बाळ कोणत्या वाटेने जन्मावे, हा होता. जे बाळ फिरले ते पायाळू उरतच नाही. तेव्हा ती चाचणी बाळ फिरवण्याविरुद्धचा पुरावा नव्हे. उलट, आधी फिरवून पाहण्याचे ते बळकट कारण आहे.

सिझेरियन हे जीव वाचवणारे साधन आहे आणि गरजूला ते मिळालेच पाहिजे. परंतु प्रत्येक अनावश्यक शस्त्रक्रिया पुढच्या गर्भारपणात वार व्रणाला चिकटण्याचा आणि गर्भाशय फाटण्याचा धोका वाढवते. खुरप्यावर किंवा विटभट्टीवर पोट असणाऱ्या बाईला टाके भरेपर्यंतची मजुरी कोण देणार? प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी मिळतात ५,००० रुपये. नफा खासगी खात्यात जमा आणि व्रण मात्र बाईच्या नावावर, असा हा हिशेब आहे.

डॉक्टरांना शिव्या देऊन हा हिशेब बदलणार नाही. चांगल्या मनाचा डॉक्टरही वाईट व्यवस्थेत वेळेचा आणि खटल्याचा विचार करणारच. म्हणून मागण्या व्यवस्थेकडे हव्यात. शस्त्रक्रियेची तारीख देण्यापूर्वी बाळ फिरवण्याची माहिती स्त्रीला मराठीत लेखी मिळावी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात या कामासाठी ठरलेला दिवस असावा. दर महिन्याच्या ९ तारखेच्या गर्भवती तपासणीत पायाळू बाळ आढळले की आशाताईंनी त्या बाईला तेथे पोहोचवावे. सरकारी विमा योजनांनी या कामाचा योग्य मोबदला द्यावा. आणि प्रत्येक प्रसूतिगृहाने आपले सिझेरियनचे प्रमाण दारावर लावावे.

बाळ फिरवायला दोन शिकलेले हात पुरतात. ते हात शिकवणे आणि गरिबाच्या दारापर्यंत नेणे हे बाजाराचे काम नाही, ते शासनाचे आहे; आणि शासनाला त्याची आठवण करून देणे हे आपले.