बॅक्टेरियाला वास येतो, बॉस!

घरात शिरल्या शिरल्या गॅसचा वास आला तर आपण काय करतो? रेग्युलेटर बंद करतो, खिडक्या उघडतो आणि ‘दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस’ म्हणून रूममेटवर ओरडतो. गंमत म्हणजे तो वास एलपीजीचा नसतोच मुळी. गळती चटकन कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं एक महाउग्र रसायन मुद्दाम मिसळलेलं असतं. थोडक्यात काय, तर आपला जीव वाचवते ती दुर्गंधी!

आता त्याच सिलिंडरवर चालणारा बाथरूममधला गीझर घ्या. थंडीचे दिवस, दार बंद, खिडकी बंद आणि मस्त कढत पाणी. गॅस जळायला ऑक्सिजन लागतो. तो कमी पडला की ज्वलन अर्धवट होतं आणि तयार होतो कार्बन मोनॉक्साइड. याला रंग नाही, वास नाही आणि यात मरकॅप्टन मिसळायला कुणी येत नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग मळमळ, मग चक्कर. माणसाला वाटतं, काल जागरण झालंय, त्याचा परिणाम. बाथरूममध्ये कुणीतरी बेशुद्ध सापडल्याच्या बातम्या आपण मुंबई-पुण्याच्या पेपरांत वाचतो आणि पान उलटतो.

मी भाड्याचे फ्लॅट बघत फिरत होते तेव्हा एका ब्रोकरने गॅस गीझर अगदी मॉड्युलर किचनच्या थाटात दाखवला होता. ‘लाइट बिल येणारच नाही, मॅडम!’ एक्झॉस्टचं विचारलं तर त्याने बोटाएवढ्या फटीकडे बोट दाखवलं. म्हणूनच कॉलेजातली पोरं बॅक्टेरियाला विषारी वायू ओळखायला शिकवतात, हे कळल्यावर माझे कान (आणि नाक) एकदम टवकारले.

या पोरांचा अड्डा म्हणजे ‘आयजेम’. पूर्ण नाव इंटरनॅशनल जेनेटिकली इंजिनीअर्ड मशीन. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत महिनाभराचा एक छोटासा कोर्स म्हणून सुरुवात झाली. २००४ मध्ये पाच विद्यापीठांची स्पर्धा झाली आणि आता जगभरातल्या तीनशेहून जास्त टीम्स यात उतरतात. फायनलचा मेळावा आधी बॉस्टनला व्हायचा, २०२२ पासून पॅरिसला होतो. आपल्या पुण्याच्या आयसरच्या पोरांनीही तिथे हजेरी लावली आहे.

फंडा सोपा आहे. जनुकांचे तुकडे लेगोच्या ठोकळ्यांसारखे एकमेकांत बसतील असे बनवायचे आणि ते जोडून बॅक्टेरियाकडून नवीन काम करून घ्यायचं. २००६ मध्ये एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी मुळात घाण वास मारणाऱ्या ई. कोलायला विंटरग्रीन आणि केळ्याचा सुगंध सोडायला लावला. म्हणजे बॅक्टेरियाला सेंट! २०१२ मध्ये नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेनच्या टीमने याच्या उलटं केलं, त्यांनी बॅक्टेरियालाच वास घ्यायला लावला. सडणाऱ्या मांसाच्या हवेत बॅसिलस सबटिलिस वाढवले, त्यांची कोणती जनुकं जागी होतात ते शोधलं आणि त्यातल्या एका स्विचला रंग बनवणारं जनुक जोडलं. पॅकेटवर लावायचा स्टिकर, आत हे बॅक्टेरिया. मांस बिघडलं की स्टिकर रंगणार. त्या वर्षीचं सर्वोच्च बक्षीस त्यांनीच नेलं.

मग कार्बन मोनॉक्साइडसाठी असं का नाही? आयजेमच्या टीम्सनी हाही नाद केलाय, कारण निसर्गाने याचं नाक आधीच बनवून ठेवलं आहे. ऱ्होडोस्पिरिलम रुब्रम नावाचा एक जांभळट बॅक्टेरिया आहे. आपल्याला मारणारा हा वायू तो चक्क ऊर्जेसाठी वापरतो. त्याच्याकडे ‘कूए’ नावाचं प्रोटीन असतं. त्यात हीम असतं, म्हणजे आपल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो तसाच लोह धरून बसलेला भाग. वायू त्या लोहाला चिकटला की कूएचा आकार बदलतो, ते डीएनएवर जाऊन बसतं आणि ठरावीक जनुकं चालू होतात. त्या जनुकांच्या जागी रंगाचं जनुक बसवलं की झाला डिटेक्टर. आपल्या रक्तात ज्या लोहावर हा वायू डल्ला मारतो, तेच लोह इथे पहारेकऱ्याचं काम करतं. सही ना?

पण थांबा, लगेच बाथरूममध्ये स्टिकर लावायची स्वप्नं बघू नका. पहिला लोचा असा की कूएला ऑक्सिजन मानवत नाही. हवेतल्या ऑक्सिजनने त्यातलं लोह बदलतं आणि मग त्याला कार्बन मोनॉक्साइड पकडताच येत नाही. बाथरूममध्ये तर हवा असणारच. यावर ‘आरकॉम’ नावाच्या दुसऱ्या एका बॅक्टेरियल प्रोटीनचा उतारा आहे, ते ऑक्सिजन असतानाही काम करतं. दुसरा लोचा मोठा आहे, तो म्हणजे वेळेचा. जनुक चालू होणार, प्रोटीन बनणार, डोळ्यांना दिसेल एवढा रंग साठणार, यात तास जातात. वायूचं प्रमाण जास्त असेल तर आपल्या हातात मिनिटंच असतात. मांसाच्या पॅकेटला थांबायला वेळ आहे, आंघोळ करणाऱ्या माणसाला नाही. आणि असे बदललेले बॅक्टेरिया लॅबबाहेर सोडायचे नाहीत, असा आयजेमचा नियमच आहे.

जिवंत डिटेक्टर ही कल्पना तशी जुनीच. ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींत कामगार पिंजऱ्यात कॅनरी पक्षी घेऊन उतरायचे. पक्षी माणसाच्या आधी कोसळायचा आणि माणसं बाहेर पळायची. १९८६ मध्ये कॅनरींना रिटायर करून इलेक्ट्रॉनिक यंत्रं आणली गेली. मग या पोरांची मेहनत टाइमपासच म्हणायची का?

मला तसं वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. आत्ता ज्या आरकॉमचं नाव घेतलं, त्यावर अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगळंच काम केलं. ‘बॅक्टेरियाचं हे नाक वायू इतका घट्ट धरतं, तर तेच रक्तात सोडलं तर?’ असा त्यांचा विचार. प्रोटीनमध्ये बदल करून त्यांनी ते उंदरांना टोचलं. त्याने रक्तातला कार्बन मोनॉक्साइड पटापट उचलला आणि तो लघवीतून बाहेर पडला. हे काम २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. माणसांपर्यंत यायला बऱ्याच चाचण्या बाकी आहेत. आज डॉक्टरांच्या हातात मुख्य इलाज एकच आहे, ऑक्सिजन. पण वास घेणाऱ्या प्रोटीनपासून उताऱ्याकडे जाणारा रस्ता दिसायला लागला, हे काय कमी आहे? विशीतली पोरं अशा प्रोटीनशी खेळत मोठी होतायत, त्यातलं कोण पुढे काय करेल, सांगता येत नाही.

तोवर आपल्यासाठी साधी कामं. गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर घरमालकाच्या मागे लागून तो बाहेर, हवेशीर जागी लावून घ्या. ते होईपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, मगच आंघोळीला जा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, बॅटरीवर चालतो, तो आणा. आंघोळ करताना डोकं गरगरलं तर शॉवरखाली उभं राहून ‘बरं वाटेल’ म्हणू नका, सरळ बाहेर या आणि डॉक्टरकडे जा. आणि पुढचा फ्लॅट बघायला जाल तेव्हा ब्रोकर पार्किंग आणि व्ह्यू दाखवत असताना तुम्ही आधी बाथरूमची खिडकी बघा. तो हसेल. हसू दे.